तहकूब सभा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. पायांत चप्पल नाही, पण त्याचं तुम्हाला काही वाटत नाही. समोर एक ओढा आहे. उन्हाळ्याचा ओढा, म्हणजे नुसते धोंडे आणि मधे कुठेतरी म्हशीच्या खुराएवढं पाणी. पलीकडे चढ, चढावर वाळलेलं गवत, आणि गवतातून खाली उतरणारी एक पायवाट. त्या वाटेवर माणसं दिसायला लागतात. आधी टोप्या दिसतात, मग लुगड्यांचे रंग, मग हातांतली भाकरीची गाठोडी. तुम्ही एका मोठ्या धोंड्यावर उभे आहात, आणि तुमच्याजवळ त्या सगळ्यांसाठी एक निरोप आहे. मोठ्या माणसांचा निरोप. तो पोचवायला गावानं तुम्हाला निवडलंय म्हणून छाती अशी फुगलीय, की फ्रॉकचं बटण तुटायची वेळ आलीय.

दिसलं सगळं? ती धोंड्यावरची मुलगी मी. माझं नाव मालन. घरी माले म्हणायचे.

आता मी तिथे कशी आले ते सांगते.

आमचं करंजसांगवी नदीला लागून होतं, आणि माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, गावच्या पाणी संस्थेचे सेक्रेटरी होते. नदीचं पाणी मोटरनं उचलून शेतांना द्यायचं, एवढंच संस्थेचं काम. पण संस्था म्हणजे नेमकं काय, हे मला कळत नव्हतं. एकदा जेवताना मी विचारलं. तात्यांना कुणी काही समजावून सांगा म्हटलं की त्यांची भाकरी तशीच राहायची. त्यांनी ताटातल्या आमटीत बोट बुडवून फरशीवर रेघ ओढली.

"ही नदी. हे तिच्या काठचं आपलं शिवार. आणि हा वर माळवाडीचा माळ. पाणी खाली, रान वर. मग मोटर पाहिजे, पाइप पाहिजे, विजेची तार पाहिजे. एकट्याच्यानं होईल का?"

"चेअरमनच्यानं होईल."

आई हसली. तात्या म्हणाले, "त्यांच्यानंही नाही व्हायचं. म्हणून सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालायचे. त्याला भाग म्हणतात. भाग घेतला की माणूस सभासद झाला. सभासदांचे भाग जमले की सरकार म्हणतं, ह्यांच्यात दम दिसतोय, मग तेही आपला वाटा घालतं. आणि उरलेले बँक कर्जानं देते."

"बँक का देते? तिला काय पाणी पाहिजे?"

"तिला पाणी नको, भरवसा पाहिजे. सगळ्यांनी आपापल्या सातबाऱ्यावर त्या कर्जाचा बोजा चढवून घेतलाय. हप्ता थकला तर एकट्याचं रान अडकणार नाही, सगळ्यांचं अडकेल."

"मग ज्याचं रान मोठं, त्याचं जास्त चालत असेल."

"तीच तर गंमत आहे, माले. एका सभासदाला एक मत. पंधरा एकरवाल्याला एक, पाच गुंठेवालीलाही एक."

"आणि चेअरमनला?"

"एकच."

"मग ते चेअरमन कसले?"

ह्यावर तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईनं ती आमटीची नदी पुसून टाकली आणि म्हणाली, "आता जेवा. बँक काही भाकरी गरम करून देणार नाही."

माळवाडी म्हणजे आमच्याच गावची वरची वाडी. तिथली माणसं जास्त, जमिनी थोड्या. पाणी त्यांच्या रानात आभाळातून येईल तेवढंच. नुसत्या खालच्या शिवारासाठी योजना मंजूर होईना, सभासद कमी पडत होते. तेव्हा तात्या स्वतः माळावर चढून गेले आणि दारोदार सांगत फिरले की पहिल्या टप्प्यात पाणी खालच्या शिवारात येईल, दुसऱ्या टप्प्यात तुमच्या माळावर. लोकांनी भाग घेतले. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं त्यांनी पाइपलाइनचा चर खणला आणि मजुरी भागात वळती केली. गजराबाई त्यातलीच. नवरा वारलेला, तीन एकर माळ स्वतःच्या नावावर. चर सगळा खालच्या शिवारातून जात होता. तो तिनं खणला, पाइप त्यात बसले, पाणी आलं, खाली ऊस उभा राहिला. माळावरचं पाणी "पुढल्या वर्षी" येणार होतं. ते पुढलं वर्ष बरीच वर्षं पुढेच राहिलं.

शेवटी बँक दुसऱ्या टप्प्याला कर्ज द्यायला तयार झाली. त्यासाठी सर्व सभासदांच्या सभेचा ठराव हवा होता. सभेची नोटीस निघाली. रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी अकरा वाजता.

मी सतरंज्या अंथरायला गेले होते. खरं तर ते काम शिपायाचं, पण मला तात्यांच्या मागे मागे करायला आवडायचं. तात्या टेबलाशी बसले होते. सकाळी आईनं केलेला चहा त्यांनी तसाच ठेवला होता, हे मला तेव्हा सहज दिसलं होतं. शेजारच्या खुर्चीवर चेअरमन होते, हिंदुराव. पांढरंशुभ्र धोतर, हातात सुपारी कातरायचा अडकित्ता. माणूस वाईट नव्हता. आमच्या शाळेला पाण्याची टाकी त्यांनीच दिली होती.

"निकम, अकरा वाजले," हिंदुराव तात्यांना म्हणाले.

तात्यांनी घड्याळाकडे बघितलं. हॉलमध्ये खालच्या शिवारातली मोजकी माणसं बसली होती, तंबाखू मळत.

"माळवाडीची माणसं यायची आहेत अजून. दरवेळी साडेअकरापर्यंत होतंच."

"नोटिशीत काय लिहिलंय?"

"अकरा."

"मग अकरा म्हणजे अकरा. एक दिवस तरी सभा वेळेवर होऊ द्या. लोक हसतात आपल्याला." बसलेल्यांतला कोणीतरी खरंच हसला. हिंदुराव थोडे पुढे झुकले. त्यांचा आवाज खाली आला, पण सतरंजीचं टोक मी त्यांच्या पायाशीच सरळ करत होते. "हे बघा, दुसरा टप्पा म्हणजे दुसरं कर्ज. माळावर पिकणार काय, मटकी? त्यातून हप्ता निघायचाय? ती माणसं आज येतील, मतं देतील, ठराव करून घेतील आणि उद्या हप्ता थकला की बँक माझ्या उसाला सील लावील. तुमच्याही रानाला. तुमचं रान कुठंय, निकम? खालीच ना?"

तात्यांनी नोटिशीची घडी घातली.

"मी काही कायद्याबाहेरचं सांगतोय का?"

"कायद्याबाहेरचं नाही," तात्या म्हणाले.

मग ते उठले आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "गणपूर्ती झालेली नाही. सभा तहकूब करण्यात येत आहे." गणपूर्ती म्हणजे सभा चालवायला लागतात तेवढी माणसं. हे मला माहीत होतं, तात्यांनीच सांगितलं होतं. बसलेली माणसं उठली, चहाला म्हणून बाहेर गेली.

तात्यांनी मला जवळ बोलावलं.

"माले, ओढ्यापर्यंत जा. माळवाडीची माणसं येत असतील. त्यांना सांग, सभा तहकूब झाली."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काही बोलू नको."

तात्या कुणाशीही बोलताना त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचे. घरी धडा म्हणून दाखवताना मलाही तसंच बघायला लावायचे. त्या वेळी ते दौतीच्या झाकणाकडे बघून बोलत होते. मी मात्र तोवर मनानं दाराबाहेर पोचले होते.

तर अशी मी त्या धोंड्यावर उभी होते.

माळवाडीची माणसं ओढ्यात उतरली. सगळ्यांत पुढे धुळाबा होता, म्हातारा, हातात काठी, तोंडात कायम चेष्टा. त्याच्यामागे गजराकाकू, आणि तिच्यामागे जवळजवळ सगळी वाडी.

"काय गं सेक्रेटरीण," धुळाबा म्हणाला, "आमास्नी घ्यायला आलीस व्हय? हलगी कुठंय मग?"

"सभा तहकूब झाली," मी म्हणाले. एका दमात, एकही अक्षर न चुकता.

सगळे थांबले. मागची माणसं पुढच्यांना विचारू लागली. गजराकाकूनं पदरानं मान पुसली.

"तहकूब म्हंजी काय, बाय?"

आता बघा हं, मुलांनो. इथे मला गप्प राहता आलं असतं. "दुसरं काही बोलू नको," असं मला सांगितलेलं होतं. पण एवढी मोठी माणसं मला, एका पोरीला, शब्दाचा अर्थ विचारत होती. आणि तो शब्द मला येत होता. आमच्या घरी रेडिओ होता. बातम्यांत रोज सांगायचे, लोकसभेचं कामकाज उद्यापर्यंत तहकूब. विधानसभेचं कामकाज सोमवारपर्यंत तहकूब. वर्गात दुसऱ्या कुणालाही आला नसता असा शब्द होता तो.

"तहकूब म्हणजे आज नाही," मी म्हणाले. "पुढे ढकलली."

"मंग कवा हाय?"

"नोटीस येईल," मी म्हणाले. हे तर कुणी सांगितलंच नव्हतं. पण रेडिओसारखं वाटलं.

धुळाबानं काठी धोंड्यावर आपटली. "बघा. सक्काळपासनं डोंगर उतरतोय, आन् हितं सबाच पळाली. ह्यांचा मुहूर्त कुनी काढलाय, त्या बामनाला बघाय पायजे."

"आसू दे," गजराकाकू म्हणाली. "निदान सांगाय मानूस तरी धाडलं. न्हायतर गावापातूर जाऊन टाळं बघून परत आलो असतो. तुजा तात्या लई माया करतो बग आमची." तिनं गाठोडं सोडलं, उकडलेल्या शेंगांची ओंजळ माझ्या फ्रॉकच्या ओच्यात घातली. "खात जा. उनात आलीस."

ती सगळी माणसं वळली आणि आली तशी चढाला लागली. मी शेंगा सोलत, टरफलं ओढ्यात टाकत, रमत गमत गावात परत आले. वाटेत एक सरडा दिसला, त्याच्यामागे थोडी पळाले. मोठं काम केल्यासारखं वाटत होतं, म्हणून ते तात्यांना सांगायला घरी न जाता शाळेतच गेले.

शाळेत सभा चालली होती.

मी दारात उभी राहिले. तीच मोजकी माणसं, तेच टेबल. तात्या लिहून घेत होते आणि हिंदुराव बोलत होते. "विषय दुसरा झाला. विषय तिसरा." कपबशा सतरंजीवरच पडलेल्या होत्या. मला वाटलं, ही कुठली तरी दुसरी सभा असेल. मी पावलं न वाजवता तात्यांच्या खुर्चीमागे गेले.

"तात्या, सभा तहकूब झाली होती ना?"

"झाली होती."

"मग ही कुठली?"

तात्या लिहीतच राहिले. हिंदुरावांनी ऐकलं होतं. ते हसले, एखाद्या मुलाला गणित सांगावं तसं म्हणाले, "ही तहकूब झालेलीच सभा, पोरी. माणसं भरली नाहीत की सभा अर्ध्या तासापुरती तहकूब होते. मग त्याच जागी पुन्हा भरते. आणि पुन्हा भरली की माणसं किती, हे कुणी विचारायचं नाही. आलेत तेवढ्यांवर चालते. असा नियमच आहे. विचार तुझ्या तात्याला, मला त्यांनीच शिकवला."

"पण मी तर त्यांना सांगितलं, आज नाही."

तंबाखू मळणारा हात थांबला.

"कुणी सांगितलं होतं तसं सांगायला?" हिंदुरावांनी विचारलं.

"कुणी नाही. त्यांनी अर्थ विचारला. मीच सांगितला."

"मग झालं तर. पोरीनं आपल्या मनानं सांगितलं." त्यांनी टेबलावरच्या पुड्यातलं एक बिस्किट काढून माझ्यापुढे धरलं. "घे. पुढच्या खेपेला नीट अर्थ सांग."

मी बिस्किट घेतलं नाही. मी तात्यांकडे बघत होते. तात्यांना सगळे शब्द नीट माहीत होते. म्हणून तर त्यांनी मला एकच शब्द देऊन पाठवलं होतं. त्या शब्दाचं माळवाडीला काय वाटेल, रेडिओ ऐकणाऱ्या माझ्यासारख्या पोरीला काय वाटेल, हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं होईल? हे सगळं तेव्हा मला असं वाक्यांत सुचलं नाही. तेव्हा फक्त तोंडातली शेंगांची चव एकदम कडू झाली.

"मी त्यांना बोलावून आणू?" मी विचारलं.

"माले, घरी जा," तात्या म्हणाले. "आई वाट बघत असेल."

मी बाहेर आले आणि घराच्या उलट्या दिशेला पळत सुटले.

ओढा ओलांडेपर्यंत श्वास पुरला, पुढे चढावर पुरेना. गवतातली कुसळं पायांत रुतत होती. माळवाडी अजून लांब होती आणि मला वाटत होतं, ती माणसं आता घरी पोचली असतील, जनावरं सोडली असतील, संपलं. पण अर्ध्या चढावर एक मोठं आपट्याचं झाड होतं. तिथे ती बसली होती. सभेत खायच्या भाकरी सभाच नाही म्हणून झाडाखाली सोडून बसली होती. धुळाबा काहीतरी सांगत होता आणि बायका हसत होत्या.

मी जाऊन त्यांच्यात उभी राहिले. बोलता येईना.

"काय झालं गं? कुत्रं मागं लागलं का काय?" धुळाबा म्हणाला.

"सभा चाललीय," मी म्हणाले. "आत्ता. शाळेत. तहकूब म्हणजे अर्ध्या तासानं परत भरते. मला माहीत नव्हतं. चेअरमन म्हणाले, आलेत तेवढ्यांवर चालते."

मला वाटलं, आता धुळाबाची काठी माझ्या पाठीत बसणार. ती बसली असती तर बरं वाटलं असतं. पण गजराकाकूनं फक्त अर्धी भाकरी फडक्यात परत बांधली, गाठ मारली आणि उठली.

"चला," ती म्हणाली.

सगळे उठले. उतारावर मी तिच्या शेजारून जवळजवळ धावत होते. ती मला रागे भरेल म्हणून मी वाट बघत होते, पण तिनं तो विषयच काढला नाही. ओढा पार झाल्यावर उसाच्या बांधावरून जाताना तिनं एकदा पायानं जमिनीवर थाप मारली.

"हितनं पाइप जातोय. हितं लई कातळ लागला हुता. माजी दोन नखं गेली ह्या चरात." ती चालत राहिली. "आता पाणी माज्या पायाखालनं जातंया आन् मी डोईवर हंडा घिऊन वर चढते. म्हनलं, आजच्या सबेत तेवढं मिटंल."

मी तिथून पाय जपून टाकत गेले.

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा हिंदुराव आभार मानत होते. माळवाडीची माणसं दारातून आत आली, खिडक्यांशी उभी राहिली, ज्यांना जागा मिळाली नाही ती व्हरांड्यात. सतरंज्यांवर बसलेली मोजकी माणसं एकमेकांच्या जवळ सरकली.

"या, या," हिंदुराव म्हणाले. "जरा उशीर केलात. विषय संपले."

"दुसऱ्या टप्प्याचं काय झालं?" गजराकाकूनं विचारलं.

"रद्द. बँकेला तसं कळवायचं ठरलं. त्याऐवजी खाली एक वाढीव मोटर. सर्वानुमते."

"सर्वानुमते," धुळाबा म्हणाला. "आन् आमी कोन, बुजगावनी?"

"धुळाबा, तुम्ही सभासद. पण सभेला नव्हता. सभा वेळेवर सुरू झाली, माणसं भरली नाहीत, तहकूब झाली, नियमाप्रमाणे पुन्हा भरली. ह्यात एक अक्षर वावगं असेल तर तालुक्याला सहकार खात्यात जा, साहेबांपुढे मांडा."

"जानारच हाय. सांगनार, आमी येत हुतो, आमास्नी वाटंतनं माघारी लावलं."

"कुणी लावलं?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

हिंदुराव मान हलवून हसले. "ह्या पोरीनं? अहो, लेकरू आहे. खेळता खेळता काहीतरी बोललं. साहेब हे ऐकून घेतील का? संस्थेनं जर माणूस पाठवून सभासदांना अडवलं असतं, तर मी स्वतः म्हणालो असतो, ठराव फाडून टाका, सभा पुन्हा घ्या. तसा कायदाच आहे. पण संस्थेनं हिला पाठवलीच नाही. काय सेक्रेटरी?"

तात्या मान खाली घालून बसले होते. उजवा हात टेबलावर, पेन बोटांत तसंच. त्यांच्या तोंडून हो निघालं नाही आणि नाहीही निघालं नाही. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. आई त्यांना रागवायची तेव्हा त्या तशा व्हायच्या, पण आई तिथे नव्हती.

गजराकाकू पुढे आली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, ती आता मला विचारणार, तुला कुणी धाडलं. आणि मी काय सांगणार? तात्यांचं नाव घेतलं तर त्यांचं काम जाणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाही घेतलं तर माळावर पाणी कधीच चढणार नाही. मी डोळे घट्ट मिटले.

पण तिनं मला विचारलं नाही. तिनं समोर बघितलं, टेबलाकडे, सतरंज्यांवरच्या माणसांकडे, सगळ्यांकडे.

"लेकराला कशापायी इचारायचं," ती म्हणाली. "मोठी मानसं बसल्याती की हितं. हिला वड्याला ज्यानं धाडलं हुतं, त्यानं हात वर करावा."

बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी मूल रडत होतं, त्याला कुणीतरी गप्प केलं. हिंदुरावांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "कुणाचाही हात वर नाही."

मी डोळे उघडले. गजराकाकूचा हात खांद्यावरून बाजूला केला आणि सतरंजी ओलांडून टेबलापलीकडे गेले. तात्या मान वर करत नव्हते. मी त्यांच्या बोटांतलं पेन काढून खाली ठेवलं. मग त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. मला वाटलं होतं जड असेल. जड नव्हतं. त्यांनी ते ओढूनही घेतलं नाही. मी टाचा उंचावल्या आणि तो हात, माझ्या डोक्याच्याही वर, पार खिडकीपर्यंत सगळ्यांना दिसेल असा धरून उभी राहिले.